मालक घालत नाही

आमच्या ह्यांचा डावा हात पहिल्यांदा बघणारा माणूस दचकायचाच. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती घड्याळं, पाच तरी, कधी सहा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी हे बाही वर सारून एकेक घड्याळ चढवायला लागले आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, चोराच्या गळ्यात पडलीस की वेड्याच्या? तसं काही नव्हतं. हे घड्याळजी, आणि दुरुस्त केलेलं घड्याळ तीन दिवस स्वतःच्या हातात वागवल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचं नाही हा ह्यांचा नेम. "टेबलावर काय, कुठलंही चालतं," म्हणायचे. "माणसाच्या हातात चाललं पाहिजे."

माणसाच्या म्हणजे ह्यांच्या. ते मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर आज हे सांगत बसले नसते.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. हे आत बसले की मला उभं राहावं लागतं, आणि मी बसले तर गिऱ्हाइकाने रस्त्यावरूनच बोलायचं. मी पट्टे लावते, सेल बदलते, आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण ह्यांना ते जमत नाही. डोळ्याला भिंग लावलं की ह्यांना समोर देव उभा राहिला तरी दिसायचा नाही. प्रत्येक घड्याळाला दोऱ्याने एक छोटं कार्ड बांधायचं, त्यावर तारीख, काय बिघडलंय आणि का बिघडलंय ते लिहायचं. त्या 'का'वर ह्यांचा सगळा जीव. पाणी गेलं, आपटलं, तेल सुकलं. कारण सापडेपर्यंत ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. अक्षर मुंगीएवढं, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही.

ह्यांचे थोरले भाऊ म्हणजे दादा. मीही दादाच म्हणते. ते बस स्थानकावर कंट्रोलर होते, आणि सगळी वस्ती त्यांना कंट्रोलर म्हणूनच ओळखायची. त्यांची शिट्टी वाजली की ज्याला त्याला आपलं घड्याळ बघायची सवय होती, आणि दोन्हींत फरक निघाला तर लोक घड्याळाचे काटे फिरवायचे, शिट्टीवर शंका घ्यायचे नाहीत. एकदा आमच्या जाऊबाई पिशवी घेऊन धावत येताना दिसत होत्या, अर्धं मैदान ओलांडलं होतं बिचारीने, आणि ह्या गृहस्थांनी घड्याळ बघून गाडी सोडली. स्वतःच्या बायकोची! जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. दादा म्हणाले, "नोंदवहीत मी खोटी वेळ लिहायची का मग?" गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर पाचच लिहायचे. ड्रायव्हर गयावया करायचे, साहेब रागवायचे, पण पाचचे चार कधी झाले नाहीत.

दादा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. खात्याने निरोपाला भिंतीवरचं सेलचं घड्याळ दिलं. दादांनी ते न्हाणीघरात लावलं.

ह्यांनी मात्र पाच महिने आधीपासून तयारी चालवली होती. तीन जुनी, बंद पडलेली घड्याळं फोडून त्यांतले चांगले भाग निवडून एक ऑटोमॅटिक घड्याळ जुळवलं. ऑटोमॅटिकला चावी द्यावी लागत नाही. आत अर्ध्या चंद्रासारखं एक वजन असतं, माणसाचा हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. हात हलला की घड्याळ जेवलं, असं समजा. ह्या घड्याळाला हाताने चावी द्यायची सोयच नव्हती. ह्यांचं म्हणणं, दादा आयुष्यभर फलाटावर चालत आला, त्याच्या हाताला हेच शोभेल. घड्याळ दिलं तेव्हा दादांनी ते कानाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, "बारक्या, हे माझ्याबरोबरच जाणार." ह्यांना घरी सगळे बारक्या म्हणतात. केस पांढरे झाले तरी बारक्याच.

दीड वर्ष घड्याळ सोन्यासारखं चाललं. मग एक दिवस दादा दुकानात आले. "वीस मिनिटं मागं पडतंय रे."

ह्यांनी उघडलं, साफ केलं, तेल दिलं, तीन दिवस घालून बघितलं. ठीक. परत दिलं. पंधरा दिवसांनी दादा पुन्हा दारात, "आज चाळीस." ह्यांनी स्प्रिंगच बदलली. पुन्हा तीन दिवस घातलं, ठीक. महिन्याने दादा तिसऱ्यांदा आले ते तोंड वाकडं करूनच. "तीन मेलेल्या घड्याळांचे तुकडे जोडलेस बारक्या, त्यातलं एक अजून मेलेलंच आहे बघ." हे हसले, पण मला दिसलं ते, शब्द लागला होता. ह्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं की हे चिडत नाहीत, गप्प होतात, आणि ते जास्त वाईट.

तिसऱ्या वेळी ह्यांनी घड्याळ दहा दिवस हातात ठेवलं. बाकीची सगळी उतरवली आणि एकटं तेच घातलं. रोज सकाळी रेडिओवरच्या ठोक्याशी ताडून बघायचे. दहा दिवसांत फक्त वीस सेकंदांचा फरक. नव्या घड्याळाला लाजवेल असं चाललं होतं ते.

अकराव्या दिवशी ह्यांनी भिंग काढलं आणि मला म्हणाले, "कळलं मला." पोट अर्धंच भरलेलं ऑटोमॅटिक रात्री काढून ठेवलं की पहाटे कधीतरी थांबतं. सकाळी हातात घेतलं की धक्क्याने परत चालू. मालकाला वाटतं, मागं पडलं. म्हणजे घड्याळात खोट नाही, घड्याळाला हात मिळत नाही. "दादा हे घालतच नाही," हे म्हणाले. "टेबलावर पडलेलं असतं. आणि मला येऊन सांगतो मागं पडतं." मला विचाराल तर तेव्हा ते मला अगदी सरळ वाटलं. माझेही हात त्याच धंद्यात काळे झालेत. घालत नाही, दुसरं काय असणार?

दादा घ्यायला आले तेव्हा दुकानात एक बाई पट्टा लावून घ्यायला उभ्या होत्या. हे म्हणाले, "दादा, तू हे घालतोस का रे रोज?"

"आंघोळीला आणि झोपताना काढतो तेवढंच."

"दिवसभर हातात असतं?"

"दिवसभर. का?"

"मग थांबायला नको ते. निदान सकाळी वीस वेळा हलवत जा."

"मी काय खुळखुळा वाजवू या वयात? ऑटोमॅटिक म्हणून दिलंस ना?"

"ऑटोमॅटिक घालावं लागतं, दादा."

"घालतो म्हटलं ना!"

ह्यांनी घड्याळ उचललं आणि अगदी शांतपणे म्हटलं, "घड्याळ खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो?"

बस, एवढंच. ह्यांनी नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. मी वाट बघत होते, पट्टावाल्या बाई वाट बघत होत्या, दादा तर बघतच होते. ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खाली मान घातली. दादा घड्याळ तिथंच टाकून निघून गेले.

त्या संध्याकाळी ह्यांनी कार्ड लिहिलं. तारीख घातली आणि खाली लिहिलं, "घड्याळ ठीक. मालक घालत नाही. खोटं बोलतो." मी वाचलं आणि म्हटलं, अहो, काहीतरीच काय. हे म्हणाले, "कारण लिहायचं असतं." कार्ड बांधलं आणि घड्याळ खिळ्याला टांगून ठेवलं.

मग जे होतं तेच झालं. दादा स्थानकावर जाऊन सांगत सुटले, सख्ख्या भावाने भंगार गळ्यात मारलं. मनातलं पोटात ठेवणारा माणूस नव्हे तो. दोन ड्रायव्हर आणि एक क्लार्क, आमची पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं, बाजारातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागली. हेही काही कमी नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचे, "माझ्या भावाला शिट्टी वाजवायची सवय, ती सुटली, आता तक्रारी वाजवतो." जाणं बंद, येणं बंद. जाऊबाई आणि मी भाजी घेताना भेटलो तर टोमॅटोच्या भावावर बोलायचो.

आणि आता माझं सांगते. ते सांगायचं नव्हतं, पण न सांगून कुठं जाणार?

दादा रोज दुपारी आमच्या समोरच्या फुटपाथवरून जायचे. दुकानाकडे बघायचे नाहीत, नाकासमोर. एक दिवस मी दारात उभी होते आणि माझ्या लक्षात आलं, त्यांचा उजवा हात चांगला मागंपुढं हलतोय, डावा मात्र अंगाला चिकटून. जरासुद्धा हलत नाही. मी ह्यांना हाक मारली, "बघा हो बघा, साहेबांची स्वारी! एक हात कसा शिवून टाकल्यासारखा धरलाय!" हे उठून दारात आले. भिंग कपाळावर सरकवून बघितलं. हे, ज्यांना केसाएवढी काडी वाकलेली दिसते. बघितलं आणि म्हणाले, "घड्याळ नाही ना हातात. उघडं मनगट दिसू नये म्हणून धरून चालतो." आणि आम्ही दोघंही हसलो. मी तर मोठ्याने हसले. माझं हसणं तसंच आहे, रस्ता ओलांडून जातं.

त्यानंतर कितीतरी दुपारी बघितलं मी ते. पुढं पुढं पायही थोडा ओढायला लागले. मी म्हणायचे, तोरा बघा तोरा.

भांडणानंतर चौदा महिन्यांनी जाऊबाई दुकानात आल्या. भर दुपारी, चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या. दादा जिन्यात पडले होते, कंबरेचं हाड मोडलं होतं, आठवडा झाला होता आणि आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कशाला? हाडाचं होईल, म्हणाल्या, पण डॉक्टर म्हणतात पार्किन्सन आहे. मी म्हटलं, छे, कंपवात म्हणजे हात थरथरतो, दादांचा कुठं थरथरतो? जाऊबाई म्हणाल्या, मीही तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचा थरथरत नाही. काहींचा एक हात चालताना हलायचा थांबतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यांनी विचारलं, डावा हात कधीपासून हलत नाही? दादा म्हणाले, हलतो की. मग मला विचारलं, जाऊबाई म्हणाल्या, मला कुठं माहीत? लग्नापासून मी ह्या माणसाच्या चार पावलं मागं चालतेय, पाठच बघितली मी त्यांची. आधी कळलं असतं तर गोळ्या सुरू झाल्या असत्या, म्हणाले डॉक्टर, कदाचित पडणं टळलं असतं.

ह्यांच्या हातात चिमटा होता. तो ह्यांनी इतका हळू खाली ठेवला की आवाजसुद्धा झाला नाही. मग उठले, खिळ्यावरचं घड्याळ काढलं आणि कार्डाकडे बघत उभे राहिले.

"मला माहीत आहे कधीपासून," हे म्हणाले.

जाऊबाईंना काही कळेना. ह्यांनी सांगायला सुरुवात केली. हात हलला नाही की वजन फिरत नाही, वजन फिरलं नाही की स्प्रिंग भरत नाही, वीस मिनिटं, मग चाळीस. मग म्हणाले, घड्याळ दिवसभर हातात होतं, वहिनी. हातच थांबला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हाही त्याने मला खरंच सांगितलं होतं.

मी म्हटलं, ते कार्ड फाडून टाका. नुसती तारीख सांगा तोंडाने. हे म्हणाले, "डॉक्टरांना दाखवायचं आहे." मला आजही वाटतं, ते डॉक्टरांसाठी नव्हतं. ज्याला कारण लिहायची खोड आहे त्याला चुकीचं कारण पाकिटात घालून फिरायला जमत नाही. पण मी भांडायला हवं होतं तिथं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कधी बंद असतो?

दवाखान्यात दादा खिडकीजवळच्या खाटेवर होते. मला धक्का बसला तो त्यांच्या चेहऱ्याचा. ह्या आजारात चेहराही अडकतो म्हणे. राग नाही, आनंद नाही, ओळखसुद्धा नाही, नुसते डोळे. ह्यांनी सगळं सांगितलं. दादांनी उजवा हात पुढं केला आणि कार्ड मागितलं. त्यांना चष्मा लागत नाही अजून. मुंगीएवढं अक्षर त्यांनी सावकाश वाचलं, मोठ्याने. "घड्याळ ठीक. मालक घालत नाही. खोटं बोलतो."

"चुकलं माझं, दादा," हे म्हणाले.

"हाताचं सोड," दादा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता, मला पुढं वाकून ऐकावं लागलं. "हाताचं काय, होतं माणसाला. तू काही डॉक्टर नाहीस. पण जन्मापासून ओळखतोस तू मला. आणि विश्वास कोणावर ठेवलास? त्या डबीवर."

दादांनी कार्ड चादरीवर ठेवलं.

"म्हण, दादा खोटं बोलत नव्हता."

"दादा खोटं बोलत नव्हता."

"मोठ्याने. सगळ्या दुकानांत सांगितलंस ना? मोठ्याने म्हण."

ह्यांनी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने वळून बघितलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, शाळेत बाकावर उभा केल्यासारखा उभा राहून म्हणत होता. मला वाटलं, आता झालं, आता दादा हसतील, बस म्हणतील. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले.

"आणि ही दारात उभी राहून हसत होती ती कशाला, तेही विचार."

ऐकलं होतं त्यांनी. 

"त्या दिवशी मी वळणार होतो," दादा म्हणाले. "विचारणार होतो, काय गं, काय झालं हसायला? विचारलं असतं तर सांगितलंही असतंस तू तोंडावर, तुमचा हात हलत नाही म्हणून. तुझं तोंड काही कोणाला भीत नाही. पण म्हटलं, यांच्या दारात कशाला पाय ठेवायचा?" मग म्हणाले, "आता जा तुम्ही दोघं."

मी रडले, माफी मागितली, पाया पडायला वाकले तर म्हणाले, "नको." रागाने म्हणाले की दमून म्हणाले, मला सांगता यायचं नाही. त्या चेहऱ्यावर काही दिसतच नव्हतं. ह्यांनी खाटेशेजारच्या टेबलावर घड्याळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी ते रुमालात गुंडाळून परत आणून दिलं. काही बोलल्या नाहीत, आणि टोमॅटोच्या भावाचंही निघालं नाही.

त्याला आता दोन वर्षं होतील. दादांनी बोलावलं नाही. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा जाऊबाईंनी दारातच सांगितलं, झोपलेत. झोपले नव्हते, आतून रेडिओ ऐकू येत होता.

आणि ह्यांनी नवीनच खूळ काढलंय. कोणी वयस्कर माणूस ऑटोमॅटिक घेऊन आला आणि मागं पडतं म्हणाला की हे घड्याळ हातातसुद्धा घेत नाहीत. उठून बाहेर येतात आणि म्हणतात, "जरा चालून दाखवता का? त्या खांबापर्यंत जा आणि या." लोक माझ्याकडे बघतात, मी मान हलवते, जा हो, जा. काही हसत जातात, काही रागावून दुसऱ्या दुकानात निघून जातात. एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, तुमच्या मालकांना विश्रांतीची गरज आहे. हे फुटपाथवर उभे राहून डोळे ताणून हातांकडे बघत राहतात, आधी डावा, मग उजवा.

सव्वीस जण चालले आतापर्यंत. सव्वीसांचेही दोन्ही हात छान हलत होते. घड्याळांतलं तेल सुकलं होतं, एवढंच.